टोपलीखालचा हिरवा होला

कंपाउंडर म्हणजे डॉक्टर नव्हे, हे वाक्य मी नोकरीभर इतक्यांदा बोललो की शेवटी शेवटी माझाच त्यावर विश्वास उरला नाही. रानातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे महिन्यातून कधीतरी घोड्यावरून येणारी स्वारी. बाकीचे दिवस कपाटाच्या किल्ल्या, औषधांचा वास आणि रोग्यांची बोलणी, सगळं कंपाउंडरच्या वाट्याला. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामातलं काहीतरी लिहा’ असं कळवलं तेव्हा मला हसू आलं. हिंवतापाचं कुनैन ढवळण्यात आयुष्य गेलेला माणूस लिहिणार काय? पण दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटले आणि समोर आली ती जोयड्याची खिडकी. मग म्हटलं, लिहूया.

युरोपातली मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. जोयडा म्हणजे तेव्हा झाडांत लपलेली चार घरं, एक दुकान आणि आमचा दवाखाना. दवाखान्याची इमारत मुळात कुणा लाकूडवाल्या साहेबानं स्वतःसाठी बांधलेली बंगली. साहेबाला तिथला हिंवताप सोसला नाही. तो निघून गेला आणि त्याच्या बंगलीत हिंवतापाचा दवाखाना आला. जाताना त्यानं खुर्च्या नेल्या, पलंग नेले, हरणाची शिंगंसुद्धा नेली. पण खिडकी त्याला नेता आली नाही. माणसाच्या उंचीहून मोठी, सागवानी चौकटीची, मोठमोठ्या तावदानांची ती खिडकी तशीच रानाकडे तोंड करून राहिली.

तिकडची घरं बुटकी, मातीची. उजेड यायचा तो दारातून. काच म्हटली तर कंदिलाची, नाहीतर बायकांच्या बांगड्यांची. एवढी मोठी काच कुणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे ती तिथं आहे हे कुणाच्या ध्यानात येत नसे. रोगी बाकावर बसायचे, पान चघळायचे आणि निवांतपणे खिडकीबाहेर थुंकायचे. मग समोर हवेतच लाल ओघळ खाली येताना बघून त्यांची बोबडी वळायची. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं होतं, “डाक्टर, हितलं वारं घट्ट झालंय काय हो?” मी म्हटलं, व्हय, झालंय, आणि त्याच्या हातात ओला फडका दिला.

ती काच पुसणं हे शिपायाचं काम. पण मी ते त्याला कधी करू दिलं नाही. चुन्याची निवळी लावायची, वाळू द्यायची आणि जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं घासून काढायची. पुसून झाली की मी अंगणात जाऊन उभा राहायचो. समोरचं सगळं रान काचेत उतरलेलं असायचं. जांभळीची झाडं, बांबूचं बेट, त्यावरून सावकाश सरकणारं धुकं. खरं रान माझ्या पाठीशी आणि दुसरं पुढ्यात, आणि त्या दुसऱ्या रानात कसला म्हणून आवाज नाही. तिथं नुसतं चालत जावं, असं मला वाटत राहायचं. कितीतरी सकाळी मी हातात कागदाचा बोळा घेऊन असा उभा राहिलो आहे आणि आत रोगी खोकत बसलेले आहेत. पाखरांनाही त्या रानाची ओढ लागत असावी. ती आपली सरळ आत शिरायला जायची.

धप्प असा आवाज यायचा. मोठा नाही, भिंतीवर उशी आपटावी तेवढाच. बाहेर जाऊन बघावं तर पायरीखाली पाखरू पडलेलं, चोच उघडी, डोळे अर्धवट मिटलेले. पहिल्या वेळी आमच्या शिपायाला दया आली आणि त्यानं त्याच्या चोचीत पाणी घातलं. पाणी जायचं तिथं न जाता छातीत गेलं आणि ते बिचारं त्याच्या तळहातावरच गेलं. पुढं पुढं बघून बघून कळत गेलं. आपटलेल्या पाखराला पाणी नको, दाणा नको, आणि गोंजारणं तर मुळीच नको; माणसाचा हात त्याला मांजराच्या तोंडासारखाच. मऊ फडक्यात अलगद उचलायचं, हवा खेळेल अशा टोपलीखाली अंधारात ठेवायचं आणि आपण लांब जायचं. सारखं उघडून बघायचं नाही. आत खुडबुड ऐकू आली की टोपली काचेपासून दूर नेऊन उघडायची. बरीच उडायची. काही उडायची नाहीत, त्यांना मी जांभळीखाली पुरत असे.

हे सोपं वाटतं, पण आमच्या धंद्यात सोपं नव्हतं. दवाखान्यात आलेल्या माणसाला काहीतरी केलेलं दिसावं लागतं. औषधाच्या बाटलीला आम्ही कागदाची कातरलेली पट्टी डकवायचो. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. एक बाई ती पट्टीच पाण्यात भिजवून पोराला पाजत होती आणि पोर बरं झालं, आता तिला काय सांगायचं? आणखी एकजण बाटली परत घेऊन आला, का, तर औषध पुरेसं कडू नाही. मी तीच बाटली आत नेली, जोरजोरात हलवली, स्वतः थेंबभर चाखून भयंकर तोंड वाकडं केलं आणि परत दिली. तो खूश होऊन गेला. अशा लोकांना ‘काही करू नका, गप बसा’ हे सांगायचं म्हणजे आपलीच पत घालवायची.

आणि तेच मला म्हाळूच्या वेळी सांगावं लागलं.

उन्हं तापायला लागली की तिकडचे शेतकरी झाडांवर चढून फांद्या तोडतात. त्या शेतात पसरून जाळायच्या आणि त्या राखेत भाताची रोपं करायची, अशी तिकडची पद्धत. म्हाळू असाच ऐनाच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. लग्नाच्या वयाचा, आडदांड पोरगा. कांबळ्याची डोली करून माणसांनी त्याला दवाखान्यात आणला. हाड मोडलेलं नव्हतं. डोक्याला मागच्या बाजूला मोठं टेंगूळ होतं आणि शुद्ध नव्हती. श्वास चालू होता, मधूनच कण्हायचा, पण डोळे उघडत नव्हता. डॉक्टर दूरच्या गावी देवीच्या साथीवर गेलेले. त्यांना आणायला माणूस पाठवला आणि मी उरलो.

म्हाळूबरोबर त्याची आई होती, शेवंताआवा. वयानं मोठ्या बाईला तिकडे आवा म्हणतात. नवरा लवकर गेलेला, हा एकुलता एक लेक. ती झाडाखालून जी हाका मारायला लागली होती ती दवाखान्यात येऊनही थांबली नव्हती. त्यांच्यात अशी समजूत की दचकलेल्या माणसाचा जीव अंगातून निघून रानात भटकतो. त्याला नावानं हाका मारत राहायचं. मग आवाजाच्या वाटेनं तो परत येतो. हाक तुटली की वाट तुटली. आवाचा घसा पार बसला होता, तरी तिचं चालूच होतं. “म्हाळूऽ, ये रं घरला! म्हाळूऽऽ!” ती दमली की तिचा भाऊ ओरडायचा, तो दमला की बाकीचे नातेवाईक. कुणी थाळी वाजवायचं, कुणी म्हाळूचे खांदे गदागदा हलवायचं. माझी पाठ वळली की कुणीतरी त्याच्या तोंडात पेज ओतायला जायचं.

डोक्याला मार लागलेल्या माणसाला अंधार लागतो, शांतता लागते, त्याला हलवायचं नसतं, हे डॉक्टरांनी मला शिकवलेलं. मी ते सांगून सांगून थकलो. दुसऱ्या सकाळी आवाच्या भावाचा धीर सुटला. सगळे त्याला मामा म्हणत.

“मी गाडी जुंपतो,” मामा म्हणाला. “घरला न्हेतो. द्येवापुढं ठेवतो पोराला.”

“मामा, त्या रस्त्यानं गाडीचे धक्के त्याला सोसायचे नाहीत. वाटेतच काहीतरी होईल.”

“आन हितं ठेवून काय करताय तुमी? काल धरनं नुसतं बघत बसलाय.”

ते खरंच होतं. मी नुसता बघत बसलो होतो. त्याला सांगू काय, की हेच औषध आहे? मामा बैल आणायला उठला आणि मला खरोखर भीती वाटली. त्या गाडीतून म्हाळू जिवंत उतरणार नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात काचेवर धप्प झालं.

हाका मधेच थांबल्या. सगळ्यात आधी उठली ती आवा. बाहेर गेली आणि पदरात काहीतरी घेऊन आत आली. रानातला हिरवा होला होता, कबुतराच्याच जातीचा. पंख चकचकीत हिरवे, कपाळ पांढरं, चोच पोवळ्यासारखी लाल. मान एका बाजूला कललेली. मी पुढं होणार, तोच तिनं माझी औषधाच्या बाटल्यांची वेताची टोपली रिकामी केली, जमिनीवर पेंढा पसरून त्यावर होला ठेवला, वरून टोपली पालथी घातली आणि टोपलीवर फडकं टाकलं. मी न सांगता, अगदी मी केलं असतं तसं. जवळच्यांपैकी कुणीतरी तांब्या पुढं केला.

“पानी नगं,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “घारीनं झडप घातली की कोंबडीच्या पिल्लाचं असंच हुतंय. भेदरलंय त्ये. अंधार पायजे त्येला. कुणी बोलू नगा हितं.”

मामा काहीतरी बोलायला गेला, तर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. “आवा,” मी म्हटलं, “म्हाळूचंबी तसंच हाय.”

तिनं टोपलीकडे बघितलं, मग लेकाकडे बघितलं. तिला कळलं होतं, हे मला दिसत होतं. आणि कळल्यामुळेच तिचा चेहरा आणखी भेसूर झाला.

“त्ये खरं,” ती म्हणाली. “पर मी हाक मारली न्हाई, तर त्यो येनार कसा? रानात एकला हाय त्यो. वाट चुकंल की माझं लेकरू.”

गप्प बसणं तिच्या लेखी त्याला सोडून देणंच होतं. तोंडाला आलं ते बोलून गेलो. “होला उठंपर्यंत गप बसा. तेवढंच. मग मारा हाका.”

“आन होला मेला तर?” मामानं विचारलं. “मेला तर मी गाडी जुंपनार. मग मदी पडायचं न्हाई.”

मी कबूल झालो. काचेवर आपटलेल्या होल्याच्या भरवशावर मी एका माणसाचा जीव ठेवला होता, आणि जांभळीखाली किती पाखरं पुरलेली आहेत हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

खिडकीवर आम्ही घोंगडं टांगलं. खोलीत अंधार झाला, पण घोंगड्याच्या विणीतून उजेडाचे बारीक ठिपके आत यायचे आणि जमिनीवर पडायचे. तो उजेड रानातून गाळून आलेला, हिरवट. त्यात म्हाळूचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. आदल्या दिवसापासूनच्या गोंगाटानंतर ती शांतता आधी कानात दुखली. मग हळूहळू बारीकसारीक ऐकू यायला लागलं. ओढ्याचं पाणी. कौलावरून चालणारी खार. म्हाळूचा श्वास, जो तो आल्यापासून मी नीट ऐकलाच नव्हता. तो सावकाश होता आणि एकसारखा होता.

जागरणानं थकलेली माणसं एकेक करून जिथल्या तिथं आडवी झाली. थाळी वाजवणारा थाळी पोटाशी घेऊन झोपला. आवा टोपली आणि लेक यांच्या मधोमध बसून होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. कुठंतरी बांबूच्या बेटात दुसरा होला घुमायला लागला. हुंऽ... हुंऽ... खोल, विहिरीतून आल्यासारखा.

“बगा,” आवा माझ्या कानाशी पुटपुटली. “ह्येलाबी कुनीतरी बलावतंय.” मग तिलाच आपण बोललो हे लक्षात आलं आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

टोपली मात्र गप्प होती. उजेडाचे ठिपके जमिनीवरून सरकत सरकत म्हाळूच्या पायांवर आले, पुढं भिंतीवर चढले. मामा टोपलीकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी छताकडे बघायचो. फडकं उचलून एकदा बघावं, नुसतं एकदा, असं मला इतकं वाटत होतं की मी हात मांडीखाली दाबून बसलो. अखेर मामाच उठला आणि टोपलीला हात घालायला वाकला. आवानं तळहात टोपलीवर ठेवला.

“पिल्लू उठायचं कवा त्ये मला ठावं हाय,” ती म्हणाली. “तू बस.”

तो बसला. त्यानंतर मला डुलकी लागली, हे कबूल करायला हरकत नाही. स्वप्नात मी काचेतल्या त्या रानात होतो. चालत होतो आणि पायाखाली पाचोळा असूनही वाजत नव्हता. मग तो वाजला. मी जागा झालो तर टोपलीत पेंढा खसखसत होता.

आवानं टोपली आणि खालचा पेंढा अलगद सुपावर सरकवून उचलला. आम्ही दोघं बाहेर आलो. जांभळीपलीकडे, जिथून खिडकी दिसत नव्हती अशा जागी तिनं सूप ठेवलं आणि टोपली उचलली. होला बसलेला होता. उडाला नाही. नुसता बसला, पिसं फुगवून, डोळे मिचकावत. मी देवाचं नाव घेतलं. मग होल्यानं मान लांब केली, सुपाच्या कडेवर चढला, आणि बांबूतून पुन्हा ते हुंऽ ऐकू आल्याबरोबर जमिनीलगत सरळ रेघेत उडत गेला. हिरव्यात हिरवं मिसळून गेलं. आम्ही तिकडे बघत उभे होतो, तेव्हा आतून मामाची हाक आली.

आम्ही धावलो. म्हाळू कोपरावर उठायला बघत होता आणि मामा रडत रडत त्याला खाली दाबत होता.

“आये कुठं गेली?” म्हाळू विचारत होता. “आये कुठाय?”

आवानं दिवसरात्र त्याच्या नावानं रान डोक्यावर घेतलं होतं, आणि आता ती समोर उभी होती तर तिच्या तोंडून त्याचं नाव फुटेना.

पुढं डॉक्टर आले. त्यांनी म्हाळूला बरेच दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं आणि माझी पाठ थोपटली. होल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि मला त्या दिवसावर कुणी हसलेलं नको होतं.

दिवाळीत आवा आणि म्हाळू दवाखान्यात आले. म्हाळूच्या हातात वाडगा होता, त्यात तांदळाचं कालवलेलं पीठ. तिकडे दिवाळीला धान्याच्या कणगीवर, नांगरावर, बैलांच्या पाठीवर असे पांढरे ठिपके देतात. आवानं मला न विचारताच माझ्या काचेवर ठिपके द्यायला सुरुवात केली. एका तावदानावर, मग दुसऱ्यावर. “आता दिसंल पाखरांना,” ती म्हणाली, “की हितं काय तरी हाय.” मी चुन्याची निवळी लावून चकचकीत ठेवलेली काच, आणि तिच्यावर ही बोटं! काचेतलं रान ठिपक्याठिपक्यांनी पुसट होत चाललं होतं, आणि मला तिला थांबवता येत नव्हतं. तेव्हापासून मी ती काच कधी पूर्वीसारखी पुसली नाही. ठिपके गेले की स्वतःच नवे द्यायचो. पाखरं आपटायची जवळजवळ थांबली. पण ते दुसरं रान मला पुन्हा दिसलं नाही, आणि त्याची हळहळ मला अजूनही वाटते.

आवाचं काम चालू होतं तेव्हा मी म्हाळूला विचारलं, “काय रे, त्या दोन दिवसांतलं तुला काही आठवतंय?”

तो लाजला. वाडगा या हातातून त्या हातात घेतला.

“हाका आयकू येत हुत्या की,” तो म्हणाला. “लांबनं, रानातनं आल्यावानी. आये हाक मारतीया म्हंजे जवळच हाय, असं वाटायचं. मग बरं वाटून पडून ऱ्हायचो. उठायची घाई वाटत नव्हती.”

“मग?”

“मग हाका थांबल्या. म्हटलं, आये दमली, घरला गेली. मी एकलाच मागं ऱ्हायलो. म्हनून उठलो, तिला गाठायला.”

आवाचं बोट काचेवर टेकलं होतं ते तसंच राहिलं. पीठ ओघळून खाली आलं. ती आमच्याकडे वळली नाही.

“येडा,” ती काचेकडे बघतच म्हणाली. “तुला टाकून कुठं जानार हुते रं मी?”